तीस न्यूटनची थाप

सॉफ्टवेअर कंपनीने मला घरी बसवल्याला आठ महिने झाले, तेव्हा दिलसुखनगरच्या एका कोचिंग सेंटरने डेमोला बोलावलं. डेमो म्हणजे तासभर शिकवायचं. मागच्या बाकावर संचालक बसणार आणि शेवटी पोरं चिठ्ठीवर ‘हवेत’ किंवा ‘नकोत’ लिहिणार. बाकीचे उमेदवार फळाभर सूत्रं लिहून जातात. मला काहीतरी करून दाखवायची खाज.

विषय मिळाला, कप्पीवरून टांगलेली दोन वजनं. मी बाल्कनीतल्या कपडे वाळत घालायच्या दांड्याची कप्पी दोरीसकट सोडवली. एका पिशवीत तीन किलो तांदूळ भरले, दुसरीत दोन किलो तूरडाळ.

“अहो, ओले कपडे मी कुठे घालू?” बायको म्हणाली.

“नोकरी लागली की ड्रायर घेऊ.”

“आधी डाळ परत आणा.”

कुकटपल्लीच्या घरून निघालो. मेट्रोच्या तपासणीत डाळीची पिशवी दोनदा उघडायला लावली, तेव्हा परत फिरायचाच विचार आला.

वर्गात साठ पोरं. प्रोजेक्टरच्या दांड्याला कप्पी बांधली. तांदळाच्या बाजूला, दोरी आणि पिशवीच्या मध्ये, रद्दीवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा वजनकाटा अडकवला. डाळ हाताने खाली धरून ठेवली. सुई तीनवर.

“म्हणजे दोरीतला ताण तीस न्यूटन,” मी इंग्रजीत ठणकावलं. “आता मी डाळ सोडली तरी तीसच. दोरी तीच, तांदूळ तेच!”

पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. “सर, पृथ्वी तीसने खाली ओढणार, दोरी तीसने वर. तो फिर चावल नीचे कैकू आएगा?”

बरोबर होतं तिचं. तांदूळ खाली यायचे, तर दोरीची ओढ त्यांच्या वजनाहून कमीच हवी. डाळ वर जायची, तर तिच्या वजनाहून जास्त. वीस आणि तीसच्या मध्ये. नीट मांडलं तर चोवीस, आणि वेग दर सेकंदाला दोन मीटरने वाढणार. एवढं मला कॉलेजात असताना झोपेतही आलं असतं. मागे संचालकांनी फोन खाली ठेवला होता.

“शाब्बास!” मी ओरडलो. “मुद्दाम चुकलो होतो. बघत होतो, कोण जागं आहे.”

आणि डाळ सोडली. सुई अडीचच्या खाली उतरलेली सगळ्यांनी पाहिली. पुढच्याच क्षणी तांदळाची पिशवी फरशीवर आपटून फुटली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या मुलीने नाही वाजवल्या.

चिठ्ठ्या मोजून झाल्यावर संचालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “मुद्दाम चूक करायची तुमची पद्धत फार आवडली. रोज एक ठेवा.”

‘नाही’ म्हणायची हिंमत झाली नाही. त्यामुळे आता रोज नाश्त्याच्या वेळी मी एक चूक तयार करतो : पोरांना सापडेल अशी, पण मला मूर्ख ठरवणार नाही अशी. ती घोकून नेतो. तरी तासाला आणखी एखादी आपली आपण होतेच, आणि पहिल्या बाकावरून हात वर येतो.

“सर, ये घर से लाए, या यहीं हो गई?”

मी छातीठोक सांगतो, “घरून.” ती वहीत काहीतरी लिहून घेते. काय लिहिते, ते विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.