मायच्या परसातला डोंगर

शेती मुलाच्या हाती दिल्यापासून आमच्या ह्यांना कॅमेऱ्याचं वेड लागलं आहे. गाडी काढून कुठे निघालो की जरा झाड बरं दिसलं, लागला ब्रेक. मी डबा सोबत ठेवते आणि तोंड बंद ठेवायचा प्रयत्न करते. दुसरं मला फारसं जमत नाही.

मागच्या फाल्गुनात मात्र मीच म्हटलं, चला, डोंगराचे फोटो काढू. माझी माय पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि धाकट्या भावाने तिला गावाहून आपल्या अकोल्याच्या फ्लॅटवर नेलं होतं. तिथल्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. पायाचं हाड भरून आलं की मला घरी न्या, एवढाच तिचा धोशा. मला फोनवर म्हणाली, "तोवर मले आपला डोंगर तरी दाखव वं."

आम्ही घाटावर, चिखलीकडे राहतो. माहेर घाटाखाली, रोहिणखेडच्या अलीकडे. बुलडाण्याहून राजूर घाटात गेलो. ह्यांनी प्रत्येक वळणावर गाडी थांबवली. खाली पसरलेला मुलूख, एकामागे एक निळ्या होत गेलेल्या रांगा. एक फोटो तर असा आला की मीसुद्धा वा म्हटलं, आणि मी सहसा म्हणत नाही. तोच भावाला पाठवला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "ताई, मायनं वळखला नाई. हा कोनता डोंगर होय, म्हने. मी मोठा करू करू दाखवला. मले वाटते, तिचं ध्यान गेलं. आता तिले गावी न्यायचं नावच काढू नको. एकटी कशी राहीन?"

मी रडले. तिचा पाय मोडला तेव्हा रडले नव्हते तेवढी रडले. हे बाजूला बसून कॅमेऱ्यात तोच फोटो बघत होते. म्हणाले, "एवढा साफ आला होता."

"चुलीत घाला तुमचा फोटो," मी म्हटलं.

ते काही रागावले नाहीत. थोड्या वेळाने विचारलं, "तुमच्या घरून कसा दिसते तो?"

मी सांगायला तोंड उघडलं, तेव्हा कुठे लक्षात आलं. एवढ्या वर्षांत ह्यांनी तो पाहिलाच नव्हता. आमच्याकडे जावई आला की ओसरीवर बसतो, रस्त्याकडे तोंड करून. चहा, पोहे, पाहुणचार, सगळं तिथेच. परसात बायका भांडी घासतात, धुणं धुतात. तिकडे जावयाचं काय काम? आणि डोंगर दिसतो तो परसातून. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते ठीक, पण घाटावरच्या माणसाला तो दिसतच नाही. त्याच्या लेखी तो खाली उतरायचा रस्ता असतो. ह्यांचं सोडा, ते घाटावरचेच. पण मी? मायला मी डोंगराच्या माथ्यावरून डोंगर दाखवला होता, आणि वर तिचंच डोकं गेलं म्हणून रडत होते. लाज वाटली मला.

दुसऱ्या दिवशी घाट उतरून माहेरी गेलो. शेजारणीकडून किल्ली घेतली आणि ह्यांना सरळ मागच्या दाराने परसात नेलं. हे भांडी घासायच्या दगडाजवळ उभे राहिले आणि मान वर करून बघतच राहिले. "अवं, हा तं डोंगर होय," म्हणाले. मला हसू आलं.

"खाली बसा," मी म्हटलं. "माय बसून पाहते."

गुडघ्यांच्या नावाने कुरकुरत ते बसले. मधे धुण्याची दोरी येत होती. ती सोडायला निघाले, मी सोडू दिली नाही. फोटो अगदीच साधा आला. खाली कुंपण, मधे आडवी दोरी, कडेला पळस, वर डोंगर.

हा फोटो आम्ही स्वतःच अकोल्याला नेला. मायने फोन हातात धरला, जरा लांब केला.

"खांडीत ढग बसला," ती म्हणाली. दोन शिखरांमधल्या फटीला ती खांड म्हणते; तिथे ढग बसला की पाऊस येतो. "पापड टाकले असन कोनी तं उचलाव लागन." मग आणखी जवळ घेऊन, "पळसाची खालची फांदी कोनं तोडली बे?"

मी त्या पळसाखालून गेले होते. माझ्या लक्षातही आलं नव्हतं. भावाने वाकून फोटोतली ती फांदी पाहिली. मग म्हणाला, "पाय भरू दे माय, मंग नेतो तुले घरी." माझ्या छातीवरचा दगड उतरला.

माय अजून फोटोच बघत होती. मी विचारलं, "एवढं काय पाहून राह्यली त्याच्यात?"

"भांडे घासता घासता रोज पाहो मी," ती म्हणाली. "तुले वर घाटावर देली ना. मले वाटे, आपल्याले पोरगी दिसत नाई तं नाई, पन तिले वरून आपलं घर दिसत असन." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दिसते ना?"

आमच्या घराभोवती सपाट वावरं आहेत. घाटाची कड तिथून गाडीनेही बरीच लांब. हे काही बोलायला गेले, मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"दिसते," मी म्हटलं.