चार लाडवांचं हायड्राइड

डोंबिवलीत आमच्या शेजारी रसायनाचे एक प्राध्यापक राहत. नव्यानेच निघालेल्या एका हायड्राइडचं त्यांना वेड होतं.

"स्फटिकात मधे ॲल्युमिनियम, भोवती घट्ट धरलेले चार हायड्रोजन. पाणी लागलं की भडकतं," हे ते दूधवाल्यालाही ऐकवत. स्वतः मात्र विहिरीच्या पाण्यावरून माझ्यावर भडकले, ते वर्षभर बोलले नाहीत.

संक्रांतीला त्यांनी तिळाचे लाडू हिराच्या काड्यांनी जोडून तीच रचना टेबलावर मांडली होती. संध्याकाळी मी मुद्दाम गेलो. तिळगुळाचा डबा रिकामा झालेला. ते जरा घुटमळले, मग रचनेतला एक हायड्रोजन उपटून त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

"घ्या, गोड बोला."

"अहो, पण रचना मोडली."

"तिघांवर ती टिकतच नाही," म्हणत त्यांनी दुसरा उपटला आणि माझ्याशेजारी बसून खाल्ला.