पिन नसलेला रिमोट

आधी मंदाकाकूंचं नाव लिहितो, मग काय झालं ते. काकू नसत्या तर मी आज नागावात नसतो... वाशिमला परत गेलो असतो, तेही लबाड ठरून.

शाळा मी नववीतच सोडली, त्यामुळे चुका सांभाळून घ्या. भूतबीत मी कधीच मानलं नाही. आजही मानतो असं नाही, पण हे घडलंय.

आमचं दुकान बीचच्या रस्त्याला. बंद बंगल्यांतून, भंगारातून शेठ जुने टीव्ही गेम उचलतात – कॅसेट घालून खेळायचे ते. मी दुरुस्त करतो, मुंबई-पुण्याची माणसं लहानपण आठवत घेऊन जातात. दुकानाचे नियम दोनच. हवा खारी, पिना गंजतात, म्हणून कॅसेटमध्ये फुंकर मारायची नाही, खोडरबरने घासायची. आणि विकण्याआधी सेट चालू करून व्हिडिओ काढायचा – सलग, कुठे न थांबवता.

मार्चमध्ये किहीमच्या एका बंगल्यातून सेट आला. दुसऱ्या रिमोटची वायर कापलेली, टोकाला पिनच नाही. शेठना सांगितलं, ते फोनवर होते, नुसती मान हलवली.

भर दुपारी मोबाइल स्टँडला लावला. रणगाड्यांचा गेम, दोघांनी मिळून आपला झेंडा वाचवायचा. पिवळा माझा. हिरवा दुसऱ्या रिमोटचा, तो जागेवरच उभा राहणार, म्हणून मी तिकडे बघितलंच नाही. तेवढ्यात शेजारच्या खानावळीतून मंदाकाकू माझा डबा घेऊन आल्या.

"काय रं, हिरवा कोन खेलतंय?"

"कोणी नाही काकू, एकटाच आहे मी."

"मंग तो तुज्यापेक्षा बरा खेलतंय!"

मी हसलो. काकूंना गेममधलं काय कळतंय, असं वाटलं. व्हिडिओ न बघताच शेठना पाठवला. त्यांनी बघितला आणि जाहिरातीत लिहिलं – दोन्ही रिमोट चालू.

शनिवारी पुण्याचे एक साहेब आले. दुसरा रिमोट हातात घेतला, वायर बघितली आणि भडकले. "व्हिडिओत तर चालत होता! फसवता काय लोकांना?"

शेठ माझ्यावर उखडले. "मोबाइलवर काटछाट केलीस ना? दुकानाचं नाव घालवलंस. बॅग भर आणि नीघ!"

घरी काय सांगणार होतो? आवाज ऐकून काकू हात पुसत आल्या. "शेठ, तो व्हिडिओ लाव परत."

लावला. माझे दोन्ही हात पहिल्या रिमोटवर. दुसरा काउंटरवर पडलेला, वायरचं टोक खाली लोंबतंय. आणि हिरवा रणगाडा फिरतोय, गोळ्या मारतोय, झेंड्यासमोर उभा राहून तो वाचवतोय... मध्येच काकूंचा आवाज – हिरवा कोन खेलतंय?

"मी तितं उभी व्हते," काकू म्हणाल्या. "पोरानं मोबाइलला हात लावला नाय. त्याला हाकलायचा तर आदी मला खोटी बोल."

शेठनी मोबाइल काउंटरवर ठेवला. साहेब खुर्चीत बसले. मग म्हणाले, "लहानपणी माझा धाकटा भाऊ खेळायला फार हट्ट करायचा. मी पिन काढलेला रिमोट त्याच्या हातात द्यायचो. त्याला वाटायचं, तोच खेळतोय."

मी नवीन पिन लावून देतो म्हटलं. "नको," ते म्हणाले, "असाच राहू दे." सेट घेऊन गेले. भाऊ आता कुठे असतो, हे विचारायला माझी जीभ रेटली नाही. सेट त्यांच्या घरचा नव्हताच, किहीमचा. मग हा हिरवा कोणाचा?

अलिबागच्या एका मेकॅनिकला व्हिडिओ दाखवला. तो म्हणाला, वायरशिवाय हा रिमोट चालूच शकत नाही. मलाही तेच माहीत आहे.

माझी नोकरी राहिली. काकूंचा डबा अजून रोज येतो. काकू वाशिमला कधी आल्या नाहीत. एक दिवस त्यांना घरी नेणार आहे. पाटावर बसवून आईच्या हातचं गरम जेवू घालणार, आणि वाढायला मी.