दोन पेवांमधली माती

दुसरं महायुद्ध संपलं तरी सिमेंट आणि लोखंड परमिटावरच मिळत होतं. त्याच सुमारास मी साताऱ्याची कारकुनी सोडली आणि सगळी शिल्लक घालून सांगलीजवळ हरिपूरच्या बाजूला जागा घेतली. लांबी सहासष्ट फूट, रुंदी सत्तावीस. हळदीचं गोदाम बांधून भाड्यानं द्यायचं, असा बेत होता. पण पत्रा काही मिळेना. हंगामाच्या आत जागा भाड्यानं गेली नाही, तर बायको आणि तीन मुलांना घेऊन परत जुन्या साहेबापुढं उभं राहणं भाग होतं.

ओळखीचे एक जैन व्यापारी म्हणाले, "आवं, वर बांधता येत न्हाई तर खाली बांधा की. पेवं काढा. चांगली निघाली तर मीच घेतो."

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं हळदीचं कोठार. तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट रांजणासारखं. आतून शेणमातीनं लिंपायचं, उसाच्या पाचटाचं अस्तर लावायचं, की हळद वर्षानुवर्षं टिकते. परमिट नको, हे मला सगळ्यात आवडलं. मी कागदावर आखून दोन रांगांत दहा पेवं बसवली.

पेवं काढणारे मामा साठीचे होते. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला.

"लय ब्येस हाय. जमिनीला दाखवलाय का?"

"तुमच्या मते किती बसतील?"

"सहा."

"दहा बसतात, मामा. दोन पोटांमध्ये दीड हात माती राहते. मोजलंय मी."

"दीड हात? भिंत व्हय ती? पापड हाय, मालक!"

मी हट्ट सोडला नाही. "तुमची जागा, तुमचा हुकूम," म्हणून त्यांनी पहिलं पेव काढलं आणि माझ्या खुणेवर दुसरं. दुसरं तळाला गेल्यावर म्हणाले, "आता तुमी उतरा. टेप घ्या संगं."

शिडीनं वीस फूट खाली गेलो. वर आभाळ परातीएवढं दिसत होतं. कंदिलाच्या उजेडात चहूकडून टेप लावली. ना ओळंबा, ना दोरी, तरी पोट सगळीकडून अकरा फूट. फरक फार तर दोन बोटांचा. इतकं नेमकं काम मी चिरेबंदी इमारतीतही पाहिलेलं नव्हतं. भिंतीवर हात ठेवून उभाच राहिलो.

तेवढ्यात मामा पहिल्या पेवात उतरले. त्यांचा खोकला मला ऐकू आला, एका बाकावर शेजारी बसल्यासारखा.

"ऐकू येतंय न्हवं?" आवाज न चढवता त्यांनी विचारलं आणि कुदळीच्या दांड्यानं तीनदा ठोकलं. माझ्या खांद्याजवळची माती भुरभुर गळाली. "आता समजा, तुमच्यात दीडशे पोती हाय आन् माझं रिकामं. भिंत कुणाकडं पडंल?"

मी शिडी धरली.

वर आल्यावर ते दुसरं पेव बुजवायला सांगितलं. बुजवलेल्या मातीत पुन्हा पेव धरत नाही. म्हणजे सहातलंही एक गेलं, उरली पाच. पुढच्या चार पेवांना कागद लागला नाही. मामा जमिनीवर टाच आपटत हिंडले आणि जिथं थांबले तिथं खूण केली.

हंगामाच्या तोंडाला व्यापारी आले. पाचही पेवांत उतरले. मग विचारलं, "त्यो बुजवलेला खड्डा कसला?"

लपवावं असं क्षणभर वाटलं. पण सगळं सांगितलं, पापडासकट.

ते बराच वेळ हसले. "पापड दिसल्यावर खड्डा बुजवला न्हवं? सगळे न्हाई बुजवत. पाचही मलाच द्या."

आठवड्यात पाचही पेवं भरली, तोंडावर फरशा आणि माती पडली. त्या संध्याकाळी मुलांना जागा दाखवायला नेलं, तर सपाट जमिनीवर कुणाच्या तरी शेळ्या चरत होत्या. आमच्या पायांखाली शेकडो पोती हळद होती. रस्त्यानं जाणारा एकजण थांबून म्हणाला, "जागा झ्याक हाय. बांधणार कवा?"

"बांधून झालं," मी म्हणालो.