भिंतीपलीकडचे मामा

मामांना तक्रार केल्याशिवाय चहा गोड लागत नसे. अकोल्याच्या आमच्या चाळीत त्यांची खोली आमच्या खोलीला लागूनच. ऐन उन्हाळ्यात लग्न होऊन मी अमरावतीहून आले, आणि पहिल्याच सकाळी भिंतीतून आवाज आला, "सूनबाई, या भिंतीले भेग हाये. तुमाले दिसली का?" न दिसायला काय झालं? बोट जाईल एवढी भेग होती आणि तिच्यातून मामांचा शब्दन् शब्द ऐकू यायचा.

कापसाच्या जिनिंगमधून थकूनभागून आले तरी मामा आधी त्या भेगेची विचारपूस करायचे. दोष आमच्या काळ्या मातीचा. उन्हाळ्यात ती तडकली की भिंत फाटायची, पावसाळ्यात फुगली की भेग आपोआप मिटायची. आणि चाळीचे मालक उन्हाळाभर चिखलदऱ्याच्या थंड हवेत. पाऊस लागला की खाली उतरायचे, भिंतीवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "कुठी हाये भेग? मामा, तुमाले भास होते." मामा दातओठ खात घरात जायचे. वर्षानुवर्षं हेच.

पुढे मालकांनी चाळ विकायला काढली. सगळ्या भाडेकरूंनी मिळून घेतली तर ज्याची खोली त्याची; एकानेही मोडता घातला तर शेजारचा सरकीवाला चाळ पाडून गोदाम बांधणार होता. सगळे तयार झाले, मामा तेवढे अडून बसले. "मालकानं मले खोटं पाडलं. तो आपल्या डोयानं भेग पाहत नाही, तवरिक मी सही करत नाही."

माझे दिवस भरत आले होते. मी भिंतीशी तोंड नेऊन विचारलं, "मामा, माझ्या लेकराला घर नको का?" पलीकडून आवाज आला, "मालकाले बोलवा, सूनबाई. मी तेवढंच मांगून राहिलो."

चाळीने निरोप धाडला. भर वैशाखात डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून मालक आले. मामांनी त्यांना भिंतीपाशी नेलं. "बोट घाला जी मालक." मालकांचं बोट थेट माझ्या खोलीत निघालं. मला हसू आवरेना. पलीकडून मालक म्हणाले, "हाये बाप्पा. तुमचं खरं हाये." मामांनी तिथंच सही केली आणि मालकांना आपल्या हातानं पन्हं पाजलं.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, गवंडी बोलावू. तर मामा म्हणाले, "काहून? आता आपल्या घरची भेग हाये. राहू द्या." मग मला मुलगी झाली. ती रडायला लागली की पलीकडून विचारणा व्हायची, "काहून रडून राहिली आमची मालकीण?" आणि ती खरंच गप्प व्हायची.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. सकाळी अजून चुकल्याचुकल्यासारखं होतं. त्यांच्या खोलीत त्यांचा पुतण्या राहतो, भला मुलगा आहे. दर उन्हाळ्यात सिमेंट कालवून दारात येतो. "काकू, ती भेग बुजवून टाकू."

मी म्हणते, "पावसाळ्यात ये बाबा, तेव्हा पाहू."