अर्ध्या सुताची खाच

गेम खेळायला कॉम्प्युटर घेतोय, हे घरात सांगायची माझी छाती नव्हती. मी सांगितलं, कामासाठी घेतोय. तसं ते अगदीच खोटं नव्हतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं, नगरमध्ये गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघत होते आणि त्यातल्या एकात मी नुकताच शिकवायला लागलो होतो. महिन्याभरात लोक मला रस्त्यात 'सर' म्हणू लागले. पारनेरकडच्या आमच्या गावात तर मी कॉम्प्युटर बनवतो, अशीच बातमी होती. खरं म्हणजे तोवर मी एकही कॉम्प्युटर उघडून पाहिला नव्हता. पण चार जणांनी सर म्हटलं की आपल्याला सगळं येतं असं वाटायला लागतं, आणि मला ते जरा लवकरच वाटलं.

गेमचं खूळ पुण्यात लागलं. तिथल्या एका मित्राकडे गाड्यांच्या शर्यतीचा गेम बघितला. लाल गाडीच्या बॉनेटमध्ये चक्क आभाळ दिसत होतं, आणि वळणावर ते आभाळही वळत होतं. आमच्या क्लासातल्या मशीनवर पत्ते खेळायचे म्हटलं तरी पत्ता उचलायला वेळ लागायचा. मी तिथंच ठरवलं, घ्यायचा तर असला घ्यायचा. तयार नाही, एकेक भाग निवडून जोडलेला.

नाना, म्हणजे माझे वडील, तेव्हा वर्षभर घरीच होते. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात फिटर म्हणून काढली. मग तिथं नवी मशीनं आली. कॉम्प्युटरनं हुकूम द्यायचा आणि मशीननं लोखंड कापायचं. कापलेला भाग असा बिनचूक यायचा की तो घासून बसवायला माणूस लागेना. फिटर लोकांना स्वेच्छानिवृत्तीचे कागद दिले. स्वेच्छा नेमकी कुणाची, हे काही कागदावर लिहिलेलं नव्हतं. नानांनी सही केली, हत्यारांची पेटी घरी आणली आणि कॉटखाली सरकवून दिली. तेव्हापासून ते ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे आणि पेपरातल्या टेंडर नोटिसासुद्धा दोनदोनदा वाचायचे. आईला ते बघवायचं नाही. ती मला म्हणाली, खरेदीला त्यांना बरोबर ने, माणूस बसून बसून गंजतोय.

मला ते नको होतं, हे आज कबूल करतो. दुकानदारासमोर आपण रुबाबात प्रोसेसर, बोर्ड, ग्राफिक्स कार्ड असलं बोलावं आणि शेजारी टोपी घातलेले नाना, ही कल्पनाच मला सोसेना. पण आईपुढे कुणाचं चालतंय!

दिल्ली गेटाजवळच्या दुकानात शिरल्या शिरल्या नानांनी पहिला प्रश्न टाकला, किती वर्षं टिकेल? दुकानदार भला माणूस. म्हणाला, तीन वर्षं मजेत, पुढं जुना होईल. नानांचा चेहरा पडला. त्यांच्या कारखान्यात त्यांच्या वयापेक्षा जुना लेथ होता आणि तो अजून दोऱ्याइतका सरळ चालायचा. तीन वर्षांत जुनं होणाऱ्या वस्तूला मशीन म्हणायचं कसं, असं त्यांनी अगदी मनापासून विचारलं. मी खालमानेनं यादी चाळत राहिलो.

मग ते कामाला लागले. कॅबिनेट टिचकी मारून बघितलं, पत्रा हलका म्हणून नाकारलं. दुसरं आणायला लावलं. पॉवर सप्लायचे तीन डबे तळहातावर तोलले आणि सगळ्यात जड होता तो बाजूला काढला. आत तांबं हाय, म्हणाले. प्रोसेसरवरच्या पंख्यांची तर त्यांनी परीक्षाच घेतली. दुकानदाराला पंखे चालू करायला लावले, स्क्रू ड्रायव्हरचं टोक एकेकाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. बेअरिंगचा आवाज असाच ऐकतात फिटर लोक. चौथ्या पंख्यावर मान हलवली. दुकानदारानं खोका उलटा करून वाचलं तर त्या एकाच पंख्यात छऱ्यांचं बेअरिंग होतं, बाकीचे साधे. तो त्यांच्याकडे बघतच राहिला. तिथं मात्र माझी छाती फुगली, आणि हे माझे वडील आहेत, असं मी कारण नसताना सांगून टाकलं.

सगळं मिळालं, फक्त मेमरी दुकानात संपली होती. म्हटलं, पुण्याचा मित्र देईल. त्याच्या ऑफिसात मोठ्या मशीनमधून काढलेल्या पट्ट्या पडून असायच्या. नाना बाहेर खोकी रिक्षात ठेवत होते तेव्हा दुकानदारानं मला बजावलं की मेमरीत प्रकार असतात, बोर्डाच्या पुस्तकात चित्र आहे, आधी बघून घ्या. मी म्हणालो, माहीत आहे मला. काय माहीत होतं? डोंबल! ते पुस्तक मी पिशवीत टाकलं ते तिथंच राहिलं.

रविवारी सकाळी खोलीत चादर अंथरली आणि नानांनी वर्षानंतर कॉटखालची पेटी ओढली. तेलाचा वास सुटला. हत्यारं एका ओळीत मांडली, फडक्यानं पुसली. पुढचे दोन तास मी नुसता भाग हातात देत होतो. ते एकेक स्क्रू आधी बोटानं फिरवायचे, मगच पेचकस लावायचे. समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत जायचे, एकच करकचून नाही. मला मध्येच म्हणाले, बोर्डाला पोटाखाली हवा पायजे, अन् खालचे पितळी पाय पुन्हा मोजले. आईनं तीनदा चहा केला. कुणी न मागता, तीनदा. घरात वर्षभर असा दिवस उजाडला नव्हता.

शेवटी पुण्याच्या मित्राकडून आणलेली मेमरीची पट्टी राहिली. बोर्डावरच्या खोबणीत दोन उंचवटे असतात आणि पट्टीच्या कडेला त्यांच्यासाठी दोन खाचा. एक खाच बरोबर उंचवट्यावर आली. दुसरी अर्ध्या सुतानं, म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटरनं, बाजूला.

"बसत न्हाई," नाना म्हणाले.

इथं थोडं सांगायला हवं. तुम्ही आम्ही 'बसत नाही' म्हणतो तेव्हा वस्तू परत करतो. फिटरच्या तोंडी ते वाक्य म्हणजे कामाची सुरुवात असते. आलेला भाग कधीच बसत नाही, म्हणून तर फिटर लागतो. कुठं अडतंय ते बघायचं, कानस घ्यायची, हलका हात मारायचा, पुन्हा लावून बघायचं. नानांनी आयुष्यभर तेच केलं. पण फिटर कानस उचलण्याआधी एक गोष्ट विचारतो. ती त्यांनी विचारली.

"हे ह्याचंच हाय ना? ड्रॉइंग काय म्हनतंय?"

छापलेल्या कुठल्याही कागदाला ते ड्रॉइंग म्हणायचे. पुस्तक माझ्यामागे हातभर अंतरावर पिशवीत होतं. मी मान वळवली नाही. ह्याचंच आहे, म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की? तेव्हा मी वैतागलो. डोळ्यांपुढे लाल गाडी फिरत होती.

"नाना, ह्याचंच आहे. घ्या घासून."

त्यांनी पट्टी जुन्या बनियनच्या तुकड्यात धरली आणि बारीक कानशीनं खाच सरकवली. काय सफाई होती हाताची! कड कुठं फाटली नाही, की एक ओरखडा नाही. पट्टी खट्‌कन बसली. नानांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. मी बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला, आणि चार-पाच सेकंदांत करपल्याचा वास आला.

मी वायर उपसली. आणि मग माझी जीभ सुटली.

"इथं कानस चालत नाही, नाना. कारखान्यातनं तुम्हाला का काढलं, ते आज कळलं मला."

हे मी बोललो. आई दारात उभी होती, तिनं ऐकलं. नानांनी हत्यारं पुसली, जागच्या जागी ठेवली, पेटी कॉटखाली सारली आणि ओट्यावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मी क्लासात असताना ते एकटेच बोर्ड आणि पट्टी टॉवेलात गुंडाळून दुकानात गेले. संध्याकाळी मी पोचलो तेव्हा दुकानदाराला सगळं कळलं होतं. तुम्ही नको म्हणत होता तरी वडिलांनी पट्टी घासली म्हणे, सर, असं तो म्हणाला, आणि पुढं हसून, आता त्यांना हत्यारांपासून लांब ठेवा. मी तोंड उघडायला हवं होतं. मी म्हणालो, काय करणार, जुनी माणसं. आणि हसलो.

पंधरा दिवसांनी नवा बोर्ड आला. दुकानदारानं स्वतः योग्य ती मेमरी टाकून मशीन जोडून दिलं. लाल गाडी माझ्या खोलीत पळू लागली, बॉनेटमध्ये आभाळ घेऊन. नानांना दोनदा बोलावलं, बघायला तरी या म्हणून. हो म्हणायचे आणि यायचे नाहीत. कॉलनीत गोष्ट पसरलीच होती. फिटरनं कॉम्प्युटर घासला, म्हणून त्यांच्याच वयाची माणसं त्यांना ओट्यावर येऊन चिडवायची. ते त्यांच्याबरोबर हसायचे. शेजारच्यांची शिवणयंत्रं, पंखे आधी आमच्याकडे यायचे, तेही यायचे बंद झाले. कोण देणार? क्लासातल्या पोरांनीसुद्धा मला विचारलं, आणि तिथंही मी हसून दिलं.

दोनेक महिन्यांनी गेममधला आवाज तुटक यायला लागला. उपाय सापडेना, म्हणून अखेर मी ते पुस्तक उघडलं. आवाजाचं पान शोधताना मेमरीचं पान लागलं. पट्टीचं चित्र होतं. खाच डावीकडे, मध्ये, उजवीकडे, आणि प्रत्येकीखाली तिला किती व्होल्ट लागतात ते लिहिलेलं. चुकीच्या विजेची पट्टी बोर्डात जाऊच नये, म्हणून खाच मुद्दाम सरकवलेली असते. ती अर्ध्या सुतानं बाजूला नव्हती. ती जिथं असायला हवी तिथंच होती, पट्टी दुसऱ्या जातीची होती. अगदी पाचवीतल्या पोराला कळेल असं चित्र! मी ते पान किती वेळ बघत बसलो, मला माहीत नाही. घासा असं मीच म्हणालो, हे मला तोवरही माहीत होतंच. पण आता सबब उरली नाही.

चार दिवस मी जेवताना त्यांच्या तोंडाकडे बघू शकलो नाही. पाचव्या दिवशी दुपारी पुस्तक घेऊन ओट्यावर गेलो. पान उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि सांगितलं की चूक माझी होती, तुम्ही दोनदा विचारलं होतं, मी बघितलं नाही आणि वर नको ते बोललो. बोलताना रडू आलं, ते मी आवरलं नाही.

नानांनी पान बघितलं न बघितल्यासारखं केलं.

"म्हाईत हाय मला. बोर्ड घेऊन गेलो त्याच दिशी दुकानदारानं दाखवलं हे चित्र. तुला बजावल्यालं बी सांगितलं त्यानं."

मग तुम्ही तुमच्यावर का घेतलं, असं मी विचारलं.

"तू नवा हायेस. लोकं सर म्हनत्यात तुला. पयल्याच कामात नाव गेलं तर कोन पोरं धाडील शिकायला? माझं काय, मला कुठं आता कामाला जायचंय."

माझ्याच वाक्याचा घाव अजून तिथंच होता, आणि त्यांनी तो राग न धरता कामाला लावला होता. मला तिथं बसवेना. मी उठलो आणि संध्याकाळच्या बॅचला सगळं सांगून टाकलं. बोर्ड मी जाळला, पुस्तक न वाचता. वडिलांनी दोनदा विचारलं होतं. परत येताना दुकानदारालाही तेच सांगितलं, कॉलनीच्या कोपऱ्यावर बसणाऱ्यांनाही सांगितलं. घरी पोचलो तेव्हा फार हलकं वाटत होतं. आपल्याला शाबासकी मिळेल अशा तोंडानं मी ते नानांना सांगितलं.

नाना चिडले. बोर्ड जळाला तेव्हा चिडले नव्हते, मी तसं बोललो तेव्हाही नव्हते. त्या संध्याकाळी त्यांचा आवाज चढला, आणि चढता चढता फाटला.

"कुनी सांगितलं हुतं तुला? घरी बसल्यापासून एवढं एकच काम नीट जमलं हुतं मला. ते बी मोडून आलास."