सुतकातली फवारणी

दादा गेला तेव्हा सांगोल्याकडच्या आमच्या मळ्यात डाळिंब फुलावर होतं. मी सोलापूरहून गेलो तो तिथेच राहिलो. वहिनी दिवसभर भिंतीला टेकून बसे. एकदाच बोलली, "भावजी, मधमाश्यांच्या पेट्या इकायच्या न्हाईत. मी सांभाळीन." दादाच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

शेजारचे तात्या त्यांच्या बागेत औषध मारायच्या आदल्या दिवशी न चुकता दादाला सांगून जात. मग तिन्हीसांजेला माश्या परतल्या की दादा पेट्यांच्या तोंडाला जाळी लावी, वर ओलं पोतं टाकी. दुसरा दिवस माश्या आतच काढत.

सुतकात आमची चूल बंद होती. भाकरी-पिठलं तात्यांच्याच घरून येई. त्या सकाळीही तात्यांच्या घरच्या काकूंनी टोपली ठेवली, वहिनीच्या पाठीवरून हात फिरवला आणि न बोलता गेल्या. दुःखाच्या घरात शेतीभातीचा विषय काढत नाहीत. थोड्या वेळाने बांधापलीकडे फवारणीचा पंप सुरू झाला. वहिनी अनवाणीच धावली. माश्या केव्हाच फुलांवर गेल्या होत्या.

दुपारी पेट्यांपुढे माश्या पाठीवर पडून गरगरत होत्या. कित्येकींच्या जिभा बाहेर आल्या होत्या. ज्या आत होत्या त्या मेलेल्यांना ओढून बाहेर टाकत, आणि मग त्याही थरथरू लागत.

संध्याकाळी तात्या आले.

"तुमच्या घरात असं झालेलं, आन मी औषधाचं कुटं काढू? म्हनून आलो न्हाय, वैनी."

"सांगायचं की, तात्या," वहिनी म्हणाली. "माश्यांना कुटं सुतक हुतं?"

एका पेटीत राणी जिवंत सापडली. वहिनी रोज साखरेचं पाणी ठेवत राहिली. पण अळ्यांना भरवायला कामकरी माश्याच उरल्या नव्हत्या. अळ्या आपापल्या घरात वाळल्या, काळ्या पडल्या, पेटीतल्या पोळ्याच्या चौकटींना कुजका वास येऊ लागला. मग राणीही दिसेनाशी झाली.

आतला विषारी मध कुठल्या जिवाने चाटू नये म्हणून चौकटी पुरायच्या ठरल्या. कुणी बोलावलं नव्हतं, तरी तात्या कुदळ घेऊन आले. खणून त्यांचा सदरा घामाने भिजला. त्यांनी वर पाहिलं.

वहिनी खड्ड्याच्या काठावर उभी होती. म्हणाली, "अजून खोल."

तात्या पुन्हा खणू लागले.